बाळाच्या खोलीतला कॅमेरा हॉलमधल्या टीव्हीवर दिसेल का? आईला ऐकू कमी येतं

कृष्णाकाठ (सांगली) | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आमची मुलगी साडेतीन महिन्यांची झाली. हिची रजा पुढच्या महिन्यात संपते. मग दिवसभर घरी बाळ आणि माझी आई, दोघीच. आईचं वय ६८. बाळाचं सगळं तीच निगुतीने करते, त्याबद्दल काळजी नाही. पण तिला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र आहे, पण दिवसभर घातलं की कान दुखतो म्हणून दुपारी काढून ठेवते. बाळ आतल्या खोलीत पाळण्यात झोपतं आणि आई हॉलमध्ये भाजी निवडत बसते.

गेल्या गुरुवारी मी कामावरून लवकर आलो तर दारातूनच रडणं ऐकू आलं. बाळ रडून रडून लालबुंद झालं होतं आणि आई पाच पावलांवर पाठमोरी बसलेली. तिला कळल्यावर तिने बाळाला जे छातीशी धरलं ते तासभर खाली ठेवलं नाही. रात्री जेवली नाही. "आता माझ्यावर सोडू नका तिला," एवढंच म्हणाली. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

अमेरिकेतल्या भावाने बेबी मॉनिटर पाठवलाय. कॅमेरा आणि सोबत हातात धरायचा पाच इंची पडदा. आईला त्यावरचं नीट दिसत नाही, चार्जिंगचंही तिच्या लक्षात राहत नाही. हॉलमध्ये ४३ इंची अँड्रॉइड टीव्ही आहे. हा कॅमेरा त्याला जोडता येईल का? एचडीएमआयची वायर कुठे खोचायची ते मला सापडलं नाही.

---

बिनतारी (ठाणे) | सोमवार, रात्री ११:५८

खोक्यावर वायफाय असं कुठे लिहिलंय का? फोनवर घ्यायचं अ‍ॅप दिलंय का? की नुसतं २.४ गिगाहर्ट्झ आणि एफएचएसएस एवढंच आहे?

---

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ६:५०

अ‍ॅप नाही. २.४ गिगाहर्ट्झ, एफएचएसएस असंच लिहिलंय.

---

बिनतारी | मंगळवार, सकाळी ९:१५

मग तो टीव्हीला जोडायचा नाद सोडा. एफएचएसएस म्हणजे कॅमेरा आणि त्याचा पडदा दोघं मिळून सेकंदाला कितीतरी वेळा फ्रीक्वेन्सी बदलत राहतात. उड्यांचा क्रम फक्त त्या जोडीलाच माहीत असतो. तुमच्या राउटरला किंवा टीव्हीला त्यातलं काहीच समजत नाही. ते चित्र घराच्या नेटवर्कवर येतच नाही, मग टीव्हीवर कुठून येणार? बाहेरच्या माणसाला त्यात शिरणं अवघड जातं, इंटरनेट लागत नाही, हा त्याचा गुण. रात्री तुमच्या दोघांच्या उशाशी तो उत्तम आहे, टाकून देऊ नका. आईंसाठी मात्र वेगळा वायफाय कॅमेरा घ्यावा लागेल.

---

सोल्डरगन (नागपूर) | मंगळवार, सकाळी १०:०५

एकदा पडद्याच्या बुडाशी किंवा बाजूला गोल भोक आहे का बघून घ्या. जुन्या मॉनिटरांत एव्ही आउट असायचं. त्यातून निघणारी पिवळी पिन टीव्हीच्या पिवळ्या भोकात गेली की चित्र, पांढरी किंवा लाल गेली की आवाज. माझ्या दुकानात अशी दोन-तीन यंत्रं मी लोकांना जोडून दिली आहेत. टीव्हीला चित्र द्यायच्या दोन पद्धती: अमेरिकेतून आलेल्या यंत्रातून एनटीएससी सिग्नल निघतो आणि आपल्याकडे पाल. आताचे टीव्ही दोन्ही ओळखतात, पण जुन्या फक्त पालवाल्या डब्यावर चित्र काळंपांढरं येतं नाहीतर वरखाली पळत राहतं. तसं झालं तर यंत्र बिघडलंय असं समजू नका.

आयुष्य रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत गेलं म्हणून सांगतो. पहिला बेबी मॉनिटर १९३७ सालचा, झेनिथ कंपनीचा रेडिओ नर्स. १९३२ साली अमेरिकेत वैमानिक लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाला घरातून पळवून नेलं आणि त्याचा जीव गेला. त्या धसक्यातून कंपनीच्या अध्यक्षांनी हे यंत्र करवून घेतलं. इसामू नोगुची या शिल्पकाराने त्याचं बेकेलाइटचं डबडं घडवलं, माणसाच्या चेहऱ्यासारखं. आवाज घरातल्या विजेच्या तारांतूनच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचा. पण होता नुसता आवाज. तुमच्या आईंसारख्यांच्या उपयोगाचं त्यात काही नव्हतं. चित्र हवं हा तुमचा विचार अगदी बरोबर आहे.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी १:३०

काका, बघितलं. फक्त चार्जिंगचं भोक आहे. म्हणजे वायफाय कॅमेराच घ्यायचा. तो टीव्हीवर कसा आणायचा?

---

नवआई (पुणे) | मंगळवार, दुपारी ३:२०

आम्ही आधी सगळ्यात सोपं केलं होतं. फोनवर कॅमेऱ्याचं अ‍ॅप उघडायचं आणि फोनचा पडदा टीव्हीवर टाकायचा, म्हणजे कास्ट करायचा. पाच मिनिटांत होतं, पण रोजच्यासाठी ते करू नका. फोन तिथेच अडकतो, स्क्रीन बंद झाली की चित्र गेलं, फोन आला की टीव्हीवर नाव झळकतं. सासूबाईंना रोज ते जुळवून देणं माझ्याच माथी आलं होतं.

आणखी एक, हे जरा मोकळेपणाने लिहिते. कॅमेरा लावायच्या आधी तुमच्या पत्नीला विचारलंत का? आमच्याकडे मी खोलीत बाळाला पाजत होते आणि हॉलमध्ये टीव्हीवर ते चित्र चालू होतं. समोर दीर आणि त्यांचे मित्र बसलेले. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, पण मला त्यानंतर कितीतरी दिवस त्या खोलीत मोकळं वाटत नव्हतं. हॉलमधला टीव्ही म्हणजे घराची ओसरी असते. तिथे आतल्या खोलीचं चित्र लावायचं तर त्या खोलीत वावरणाऱ्या बाईचा शब्द आधी घ्या.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री १०:४५

नवआई, खरं सांगायचं तर विचारलं नव्हतं. तुमचा प्रतिसाद तिला वाचायला दिला. पुढचं तीच लिहितेय:

"नमस्कार. मला कॅमेरा नको असं नाही, आईंची अवस्था मीही बघितली आहे. पण माझं म्हणणं असं की कॅमेरा फक्त पाळण्यावर असावा, पलंगावर नाही. आणि मी घरी असताना तो बंद असावा, नुसता अ‍ॅपमधून नाही, मला डोळ्यांनी दिसेल असा. नवआई, तुम्ही लिहिलंत म्हणून मला हे बोलता आलं."

---

बिनतारी | बुधवार, सकाळी ८:३०

दोन्ही गोष्टी होतील. मान वळवणाऱ्या कॅमेऱ्यात प्रायव्हसी मोड असतो. काही मॉडेलांत तेव्हा भिंग आत वळून झाकलं जातं, ते समोरून दिसतं. नाहीतर प्लगला बटन आहेच. वहिनींना तेच बरं वाटेल: बटन बंद, कॅमेऱ्याचा दिवा बंद.

आता मुख्य काम. घेताना एकच विचारा, आरटीएसपी आहे का? म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र नेटवर्कवरून थेट दुसऱ्या यंत्राला द्यायची सोय. ज्या कॅमेऱ्यात ते नाही त्याचं चित्र सहसा फक्त कंपनीच्या अ‍ॅपमध्ये दिसतं. असेल तर घरातल्या कुठल्याही पडद्यावर घेता येतं. बॅटरीवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांत सहसा नसतं, वायरवाला घ्या. टीपी-लिंक कंपनीच्या टॅपो नावाच्या साध्या वायरवाल्या घरगुती कॅमेऱ्यांत असतं, म्हणून त्याच्या आधाराने सांगतो.

आधी अ‍ॅपमध्ये कॅमेरा सुरू करून घ्या. असे बहुतेक कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायलाच जोडले जातात, ५ ला नाही, तिथे लोक तासन् तास घालवतात. मग अ‍ॅपच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये कॅमेरा अकाउंट असा पर्याय आहे. तिथे वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड तयार करा. हा अ‍ॅपच्या लॉगिनचा पासवर्ड नव्हे. त्यात अ‍ॅटचं चिन्ह किंवा हॅश घालू नका, पुढे पत्त्यात गोंधळ होतो. लांब ठेवा, अक्षरं आणि आकडे मिसळून. कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर हजारोंनी ताब्यात घेऊनच २०१६ साली मिराई या घातक सॉफ्टवेअरने इंटरनेटवर मोठा हल्ला केला होता. इथे तर बाळाची खोली आहे.

टीव्हीवर प्ले स्टोअरमधून व्हीएलसी हे व्हिडिओ बघायचं अ‍ॅप घ्या, फुकट आहे. त्यात स्ट्रीमचा पत्ता टाकायची जागा असते. पत्ता असा, सगळा इंग्रजी लहान अक्षरांत: आरटीएसपी, कोलन, दोन तिरप्या रेघा, कॅमेरा अकाउंटचं नाव, कोलन, पासवर्ड, अ‍ॅटचं चिन्ह, कॅमेऱ्याचा आयपी पत्ता (राउटर त्याला देतो तो आकड्यांचा पत्ता), कोलन, ५५४, तिरपी रेघ आणि शेवटी स्ट्रीम१. नाव आणि पासवर्ड मात्र तुम्ही ठेवलेत तसेच. चित्र अडखळलं तर स्ट्रीम२ करा, ते कमी दर्जाचं पण हलकं असतं. रिमोटने एक एक अक्षर टिपत बसू नका, फोनवरच्या गूगल टीव्ही अ‍ॅपमधला रिमोट उघडला की फोनच्या कीबोर्डवरून टाइप करता येतं.

---

जर्सीकर (न्यू जर्सी) | बुधवार, सकाळी १०:१०

आमच्याकडे टीव्हीला अ‍ॅमेझॉनची फायर स्टिक आहे आणि कॅमेरा अलेक्साला, म्हणजे तिच्या बोलून चालणाऱ्या मदतनिसाला, जोडलाय. "शो बेबी रूम" म्हटलं की चित्र येतं. इचलकरंजीहून सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना शिकवलं, तर अलेक्साला त्यांचे उच्चार कळेनात आणि त्यांना तिची उत्तरं कळेनात. दोन दिवसांनी त्यांनी बोलणंच सोडलं. तुमच्या आईंना तर तिचं उत्तर ऐकूही येणार नाही. बिनतारींचा मार्गच धरा.

---

रातपाळी (कोल्हापूर) | बुधवार, दुपारी ४:००

मी नवजात शिशू कक्षात परिचारिका आहे. तांत्रिक काही सांगू शकत नाही, पण वायरबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कॅमेऱ्याची वायर पाळण्यापासून किमान ३ फूट लांब हवी. आज साडेतीन महिन्यांची आहे म्हणून हात पोचणार नाही असं वाटेल. पाच-सहा महिन्यांत ती दिसेल ते ओढायला लागेल. अमेरिकेत वायर गळ्याभोवती अडकून बाळं दगावल्यावर २०११ साली एका कंपनीला सुमारे १७ लाख मॉनिटरांसाठी वायरच्या धोक्याच्या इशाऱ्याची लेबलं नव्याने द्यावी लागली होती. कॅमेरा पाळण्याच्या कठड्याला बांधू नका, बरोबर वर चिकटवूही नका, डबल टेप उन्हाळ्यात सुटतो. समोरच्या भिंतीवर, उंच, स्क्रूने. वायर भिंतीवर पट्टीत बसवून घ्या.

आणि कॅमेरा आहे म्हणून बाकीचं सैल सोडू नका. बाळ पाठीवर झोपवायचं, तोंडाजवळ उशी-दुपटं नको. चित्रात श्वास दिसत नाही.

---

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९:३०

शनिवारी कॅमेरा आणला. चित्र टीव्हीवर आलं! पहिल्यांदा आलं तेव्हा आई खुर्चीतून उठून टीव्हीजवळ गेली आणि पडद्याला हात लावला.

पण दोन अडचणी. रात्री आम्ही पाळण्यावर मच्छरदाणी टाकतो. अंधार झाला की कॅमेऱ्यात नुसता पांढरा धूर दिसतो, बाळ दिसतच नाही. दुसरं म्हणजे आज सकाळी दोनदा वीज गेली आणि त्यानंतर टीव्ही चित्र घेईना. पत्ता तोच, पासवर्ड तोच.

---

सोल्डरगन | रविवार, रात्री १०:००

धूर नव्हे, मच्छरदाणीच आहे ती. अंधारात कॅमेरा स्वतःचा इन्फ्रारेड दिवा लावतो, आपल्याला दिसत नाही. तो उजेड जाळीवर आपटून थेट भिंगात परत येतो. गाडीचा दिवा धुक्यात जसा अंगावर येतो तसं. अ‍ॅपमध्ये नाइट व्हिजन बंद करा आणि खोलीत कोपऱ्यात, कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला, झिरोचा दिवा लावा. चित्र फार स्पष्ट नसेल, पण बाळ दिसेल. पाळणा झोळीचा आहे की लाकडी? झोळी असेल तर बाजूने नुसतं कापड दिसतं, कॅमेरा आणखी वर न्यावा लागेल.

---

बिनतारी | रविवार, रात्री १०:२०

वीज गेल्यावर राउटर नव्याने सुरू झाला आणि त्याने कॅमेऱ्याला वेगळा आयपी पत्ता दिला. टीव्ही जुन्याच दारावर थाप मारतोय. राउटरच्या सेटिंगमध्ये अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन शोधा आणि कॅमेऱ्याला एक पत्ता कायमचा नेमून द्या. राउटरला छोटा यूपीएस मिळतो, तोही घ्या. कॅमेऱ्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आहे ते वाचा. ५, ९ आणि १२ अशी तिन्ही तोंडं असलेला यूपीएस घेतलात तर दोन्ही त्यावर चालतील. चुकीचं तोंड लावू नका.

---

कृष्णाकाठ | पुढचा शुक्रवार, रात्री ११:१०

झिरोचा दिवा, पत्ता, यूपीएस, तिन्ही झालं. पाळणा लाकडी आहे, त्यामुळे कोन जमला. दोन-तीन सेकंद उशिरा दिसतं, त्याने काही बिघडत नाही.

पण आता वेगळीच गोष्ट झाली आहे आणि ती मला आधी सुचली नव्हती. टीव्हीवर एक तर मालिका दिसते नाहीतर बाळ. आईने मालिका सोडून दिली. बाळ झोपलं की ती समोर बसते आणि बघत राहते. भाजी निवडायची राहते, दुपारची डुलकी बंद. पाणी प्यायला उठली तरी पळत परत येते. हिने विचारलं तर म्हणाली, "डोळा लागला आणि ती रडली तर?" चार दिवसांत तिचा चेहरा उतरलाय. आम्ही तिला आधार द्यायला गेलो आणि पहाऱ्यावर बसवलं.

---

रातपाळी | शनिवार, सकाळी ७:१५

दादा, हे वाचून वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. आमच्या कक्षातही मॉनिटरचा पडदा कोणी आठ तास बघू शकत नाही. म्हणून तर त्याला गजर असतो. तुमच्या आईंना गजर ऐकू येत नाही, मग तो त्यांच्या अंगाला कळायला हवा.

आमच्याकडे एक आई होती, तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. बाळ रडलं की तिच्या मनगटाचा पट्टा थरथरायचा. परदेशात त्यासाठी वेगळी यंत्रं मिळतात, उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती वगैरे. तिच्या नवऱ्याने मात्र साधा फिटनेस बँड घेऊन जमवलं होतं. कसं ते बिनतारी सांगतील.

---

बिनतारी | शनिवार, सकाळी ९:४०

रातपाळी ताई, हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

अ‍ॅपमध्ये बाळाचं रडणं ओळखायची सोय आहे का बघा. अनेक कॅमेऱ्यांत आता असते. ती चालू करा आणि हालचालीची सूचना बंद करा, नाहीतर पंख्याने मच्छरदाणी हलली तरी थरथर होईल. घरात पडून असलेला एखादा जुना फोन घ्या, त्यात अ‍ॅप टाका, बँड त्याला जोडा. बँडवर फक्त याच अ‍ॅपची सूचना जाऊ द्या. आईंच्या हाताला थरथर झाली की तिचा अर्थ एकच असला पाहिजे.

तो फोन घराच्या मध्यावर, चार्जरला लावून कायम ठेवायचा. ब्लूटूथ मोकळ्या जागेत दहाएक मीटर जातं, जाड भिंती असल्या की कमी. अंगणात जाऊन तपासा. आणि फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये या अ‍ॅपवरचं बंधन काढा, नाहीतर फोन तासाभराने अ‍ॅपला झोपवतो आणि सूचना येतच नाही.

---

कृष्णाकाठ | त्यानंतरचा गुरुवार, रात्री १०:३०

बँड रविवारी आणला. सोमवारपासून आम्ही दोघांनी मुद्दाम मागच्या खोलीत बसून बघितलं, मध्ये पडलो नाही.

सोमवारी बाळ तीनदा रडलं, तिन्ही वेळा आई उठून गेली. एकदा तर बाळ नुसतं कुरकुरलं होतं. मंगळवारी एकदा थरथर झालीच नाही, कारण फोनवर बंधन काढायचं राहिलं होतं. तेव्हा टीव्हीवर चित्र चालू होतं म्हणून आईला दिसलं. त्यामुळे दोन्ही ठेवणार आहोत. काल दुपारी आई कुशीवर झोपली होती, बँडचा हात गालाखाली घेऊन. अर्ध्या तासाने उठली, सरळ पाळण्याकडे गेली आणि बाळाला घेऊन बाहेर आली. तिने आमच्याकडे बघून नुसतं मनगट वर करून दाखवलं.

हिने आज ऑफिसला कळवलं, एक तारखेपासून जातेय.

---

माडाची_सावली (म्हापसा) | शुक्रवार, सकाळी ११:००

सगळा धागा वाचला. माझ्या वडिलांसाठी हेच करायचं आहे, तिथे अंथरुणावर आजी आहे आणि वडिलांना ऐकू येत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात इंटरनेट दोन दोन दिवस जातं. तेव्हा हे चालेल का?

---

बिनतारी | शुक्रवार, दुपारी १२:१५

अर्धं चालेल. टीव्हीवरचं चित्र घरातल्या घरात फिरतं, त्यामुळे राउटरला वीज असेल तोवर ते दिसेल. बँडची थरथर मात्र जाईल, कारण सूचना बाहेर कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन परत फोनवर येते. आजी स्वतः बटन दाबू शकत असतील तर तुम्हाला हे काहीच नको. बिनतारी डोअरबेलचा दिवा लुकलुकणारा प्रकार मिळतो, त्याला इंटरनेट लागत नाही.

कृष्णाकाठ, तुमच्याकडेही नेट गेलं तर हेच होणार. आईंना माहीत आहे का?

---

कृष्णाकाठ | शुक्रवार, रात्री ९:५०

माहीत नव्हतं. आज सांगितलं. आमच्या राउटरवर नेट गेलं की लाल दिवा लागतो. त्याच्या शेजारी आईला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली: "लाल दिवा असेल तर पाळण्याजवळ बसायचं." आईने ती वाचली आणि राउटरच हॉलमध्ये टीव्हीखाली आणून ठेवायला सांगितला, म्हणजे दिवा तिच्या नजरेसमोर राहील. उद्या वायर वाढवून घेतो.